पुरणासाठी राखलेला कॅन

माझ्या प्रोटीनला कणा नव्हता. हे मी आता रागानं म्हणत नाही, तेव्हा म्हणायचे. बहुतेक प्रोटीन्स पेशीत तयार झाली की नीट घडी घालून, आपापला आकार घेऊन कामाला लागतात. माझं तसलं नव्हतं. ते उकडलेल्या शेवयांसारखं पाण्यात पसरून पडायचं, आत्ता असं तर मघाशी तसं. त्याच्या जातीच्या प्रोटीनला कॅल्शियमचे चार-दोन आयन येऊन चिकटले की त्याची घडी पडते, ते उभं राहतं. कॅल्शियम काढून घेतलं की परत शेवया. मातीतल्या एका जिवाणूचं हे प्रोटीन, आणि कॅल्शियम त्याला नेमकं कसं सावरतं, किती लागतं, कुठं बसतं, हा माझा पीएचडीचा विषय. तीन वर्षं झाली होती. शेवयाच चालू होत्या.

बाबा कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांना एकदा मी विषय समजावून सांगितला. चष्मा काढून, पुसून, परत घालून ते म्हणाले, "म्हणजे जे स्वतःच्या पायावर उभं राहत नाही, त्याच्यामागं तू तीन वर्षं घालवलीस." मी म्हटलं, हो, तसंच काहीसं. त्यावर त्यांनी बँकेच्या परीक्षेचा फॉर्म आणला. स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरात भरला, माझा फोटो चिकटवला आणि फक्त सहीची जागा सोडून देवघराच्या फळीवर ठेवून दिला. फेलोशिपचं शेवटचं वर्ष मिळणार की नाही, हे मार्चमधली समिती ठरवणार होती. नाही मिळालं तर फळीवरून फॉर्म खाली उतरणार आणि माझा विषय संपणार, हे घरात न बोलता ठरलेलं होतं.

त्या दुष्काळाच्या सालात आम्ही गारखेड्यात नवे होतो, आणि गारखेडाही नवाच होता. जिथं ज्वारी उभी राहायची तिथं अपार्टमेंटं उभी राहत होती, प्रत्येकाखाली एक बोअर, आणि प्रत्येक बोअर शेजारच्यापेक्षा खोल. जायकवाडी धरण तळाला गेलेलं. नळ आठवड्यानं एकदा यायचा, तोही खोकत. बाकी सगळा भार बोअरवर आणि टँकरवर. टँकरचं पाणी म्हणजेही कुठल्यातरी बोअरचंच, नुसतं क्षार. पातेल्याला पांढरं कड, बादलीला पांढरं कड, आंघोळ केली की माणसालाही पांढरं कड. आणि डाळ! नऊ-नऊ शिट्ट्या झाल्या तरी दाणा न दाणा वेगळा. बाबांची कवळी नवी होती आणि हिरडीवर बसत नव्हती. रोज जेवताना कट्‌ असा आवाज यायचा आणि बाबा आईकडं बघायचे.

"माझ्याकडं काय बघायलात?" आई म्हणायची. "डाळ माझ्या माहेरची नाही, पाणी माझ्या माहेरचं नाही. आमच्या कन्नडच्या विहिरीला डाळ नुसती दाखवली तरी शिजायची."

आता लॅबकडं वळते. आमच्या विभागात डिस्टिल्ड वॉटरचं एक काचेचं यंत्र होतं. पाणी उकळायचं, वाफ थंड करायची, ते शुद्ध पाणी थेंब-थेंब करून बारीक नळीतून गोळा व्हायचं. पण वाफ थंड करायला बाहेरून साधं पाणी सतत फिरवावं लागतं, आणि ते जाड नळीतून भळाभळा मोरीत जायचं. एक बाटली शुद्ध पाण्यासाठी दहा बाटल्या मोरीत. घरी आई भाज्या धुतलेल्या पाण्यानं फरशी पुसायची आणि फरशी पुसलेलं पाणी तुळशीला घालायची, आणि इथं माझ्या डोळ्यांदेखत हा प्रकार. एरवी लक्ष गेलं नव्हतं; आता तीन दिवस बघितलं, चौथ्या दिवशी बघवेना. मी बाजारातून वीस-वीस लिटरचे एकसारखे निळे कॅन आणले. जाड नळीखाली एक ठेवायचा, भरला की स्कूटीच्या पायदानावर घालून घरी न्यायचा. पिण्याला नाही तर नाही, वापरायला तरी होईल. सरांनाही ते पटलं. सर म्हणजे माझे गाईड. कुणाचंही काही चटकन न पटणारा माणूस, पण त्यांच्या कॉलनीतही टँकरच येत होता.

यंत्राची जबाबदारी चाचांकडं होती. चाचा आमचे अटेंडंट, लायब्ररीतून नुकतेच बदली होऊन आलेले. चाळीस वर्षं नोकरी केलेला, इस्त्रीचा सदरा घालणारा, अतिशय टापटिपीचा माणूस. मी त्यांना बजावून सांगितलं, "चाचा, दोन नळ्या, दोन कॅन. मिसळायचे नाहीत बरं का. एक माझ्या घरी जाणार, एक लॅबमध्ये राहणार."

"हौ मॅडम," चाचा म्हणाले. "दो पानी अलग-अलग. हमारे घर में बी वैसाच है."

कोणता घरी आणि कोणता लॅबमध्ये, हे मी सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? विज्ञानाच्या इमारतीत उभं राहून डिस्टिल्ड वॉटर लॅबसाठी असतं असं सांगणं म्हणजे मशिदीत उभं राहून मशीद कशासाठी असते ते सांगण्यातला प्रकार. असं मला वाटलं. मला फार वाटायचं तेव्हा.

दुसऱ्या दिवसापासून दाराशी एक कॅन तयार असायचा, तो माझा. टेबलाखाली एक असायचा, तो लॅबचा.

आणि आठवडाभरात माझं प्रोटीन उभं राहिलं!

कॅल्शियम न घालता. आपलं आपण. आमच्याकडं ते बघायची रीत अशी की प्रोटीनवर ठरावीक प्रकाश टाकायचा आणि ते परत काय प्रकाश देतं ते यंत्रावर बघायचं. शेवया असतील तर आलेखाचा डोंगर उजवीकडं, घडी पडली की तो डावीकडं सरकतो. तीन वर्षं उजवीकडं बसलेला डोंगर त्या सकाळी डावीकडं. मी नमुना ओतून दिला, नवा घेतला. डावीकडं. यंत्र बंद करून चालू केलं. डावीकडंच. मी धावत सरांच्या खोलीत गेले, आणि चप्पल एका पायातच आहे हे सरांनी दाखवल्यावर मला कळलं.

सरांनी स्वतः तीनदा बघितलं. मग खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. "या जातीचं कुठलंही प्रोटीन कॅल्शियमशिवाय उभं राहिलेलं मी तरी वाचलेलं नाही," ते म्हणाले. "आपलं राहिलंय." आणि ज्या माणसानं विभागात कधी चहा पाजला नव्हता, त्यानं पेढे मागवले.

आता कुणी विचारेल की बाई, साधी तपासणी का केली नाहीस? पाण्यात कॅल्शियम आहे का ते बघायला तासभरही लागत नाही. खरं सांगते, आनंदानं केली नाही. तीन वर्षं ज्यानं मान खाली घालायला लावली ते एकदाचं उभं राहिलंय, त्याला खोटं ठरवायला कुणाचा हात उठतो? सरांचाही उठला नाही. पुढचे दोन आठवडे मी रोज तेच मोजलं, आणि ते रोज उभं. समितीपुढं काय-काय बोलायचं याची वही भरली. बाबांसमोरून जाताना मी मान जरा जास्तच ताठ ठेवायला लागले.

घरीही दिवस बरे चालले होते. कट्‌ आवाज बंद झाला होता. बाबा दुसऱ्यांदा वरण वाढून घेत होते. मी आपली जेवताना वही उघडून बसायचे, माझं लक्ष कुठं होतं?

समिती मंगळवारी होती. आदल्या रविवारी होळी, सोमवारी धुळवड. शनिवारी दुपारी आम्ही तिघं जेवत होतो. बाबा म्हणाले, "वरण उत्तम झालंय. पिण्याचं पाणी मात्र हल्ली फिक्कं लागतं. पाण्याला काही चवच नाही."

"तुम्हाला चव हवी का डाळ हवी?" आई म्हणाली, आणि माझ्याकडं वळली. "तुझ्या विद्यापीठाचं पाणी लई गुणाचं गं. चार शिट्ट्यांत डाळ लोणी होते. पातेल्याला कड धरत नाही. मी तर पिण्याला पण तेच घेते. एक अख्खा कॅन उद्याच्या पुरणासाठी ओट्याखाली राखून ठेवलाय, कुणाला हात लावू देत नाही."

माझा घास तोंडातच राहिला. कड धरत नाही. चवच नाही. चार शिट्ट्या. मी ताटावरून उठून आईचं पातेलं हातात घेतलं आणि खिडकीशी नेऊन आतून बघितलं. तीन आठवडे रोज पाणी उकळलेलं पातेलं, लख्ख.

"काय करायलीस? ताटावरून उठतात का असं?" आई ओरडली.

तोपर्यंत मी जिन्यात होते.

विद्यापीठ गाठेपर्यंत माझ्या तोंडचं पाणी पळालेलं होतं. चाचा विभागाच्या पायरीवर बसले होते. मी गाडी लावायच्या आधीच विचारलं, "चाचा, बारीक नळीचं पाणी तुम्ही कुठल्या कॅनमध्ये भरता?"

"आपके घर के," चाचा म्हणाले.

"आणि जाड नळीचं?"

"वो इधर. टेबल के नीचे."

"असं का चाचा? असं का केलंत?"

चाचांना प्रश्नच कळेना. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की पोरगी उन्हातून आलीय, हिला पाणी द्यावं. "मॅडम, बारीक नली का पानी साफ है. साफ पानी आदमी के पेट में जाता. कांच की नलियां धोने कू कोनसा बी चलता. आपके घर में क्या उल्टा करते?"

नाही. आमच्या घरीही उलटं करत नाहीत. दुष्काळातल्या कुठल्याच घरात करत नाहीत. चांगलं पाणी माणसांना, राहिलेलं कामाला. चाचांनी मला लेकीसारखं मानून चांगलं पाणी माझ्या घरी पाठवलं होतं, आणि मी तीन आठवडे माझ्या प्रोटीनला बोअरचं क्षार पाणी पाजत होते. ते आपलं आपण कुठलं उभं राहायला! आईच्या डाळीला जे कॅल्शियम शिजू देत नव्हतं, तेच त्याला धरून उभं करत होतं. मी पायरीवर चाचांशेजारी बसले. रागावायचं कुणावर, तेच कळेना. खूप रागावायचं मात्र होतं.

"एक और बात," चाचा म्हणाले. "सुबह मशीन का रॉड उड गया. उस पे इतना सफेदा जम गया था. धडाम आवाज आई."

म्हणजे आता शुद्ध पाणीही नाही.

खोटं कशाला बोलू, सरांकडं जाताना वाटेत गप्प बसायचा विचार माझ्या मनात येऊन गेला. मंगळवारपुरतं गप्प. समिती हो म्हणेल, मग सावकाश सुधारू. क्रांती चौकाच्या सिग्नलला तो विचार आला, आणि सिग्नल सुटेपर्यंत माझी मलाच लाज वाटली.

सर घरी नुसत्या बनियनवर कूलरची जाळी धूत होते. मी सगळं सांगितलं. जाळी तशीच हातात धरून त्यांनी ऐकलं. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. त्यांनी जाळीतला गाळ बोटानं काढला. मग विचारलं, "आधी किती शिट्ट्या लागत होत्या?"

"नऊ, सर."

"आणि आता चार. तुरीची की हरभऱ्याची?"

"तुरीची."

"तुमच्या मातोश्रींची नोंद आपल्यापेक्षा चोख आहे," सर म्हणाले, आणि जाळी भिंतीवर आपटली. पेढे त्यांनी सगळ्या इमारतीला वाटले होते. ते आता कसे परत घेणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि मला रडू आलं. "रडू नका. रडून क्षार वाढतात," ते म्हणाले. "मंगळवारी दोनच गोष्टी दाखवता येतील. शुद्ध पाण्यात ते पडतं, आणि मोजून कॅल्शियम दिलं की उभं राहतं. ते नीट दाखवलं तर तुमचं वर्ष वाचेल. पाणी आहे का?"

पाणी नव्हतं. आमच्या मजल्यावरची बाकी यंत्रं पाणीकपातीत बंद होती. चाचांनी गॅरेजातून बॅटरीचं पाणी आणलं, ते चमच्यात आटवलं तर खाली पांढरा डाग. त्या दुकानालाही टँकरच येत असावा. सबंध शहरात मला खात्रीनं ठाऊक असलेलं शुद्ध पाणी एकाच ठिकाणी होतं, आईच्या ओट्याखाली.

होळीच्या सकाळी मी स्वयंपाकघरात गेले. आईनं हरभऱ्याची डाळ निवडून ठेवली होती, गूळ चिरून ठेवला होता, आणि कॅन ओट्याखालून अर्धा बाहेर ओढलेला. मी म्हटलं, "आई, हा कॅन मला पाहिजे. सगळा. डायलिसिस करायचंय."

"अगं बाई! कुणाचं?"

"प्रोटीनचं."

"मग असं नीट सांग ना, जीव घेतेस का?" तिनं छातीवरचा हात काढला. "आणि मी पुरण कशात शिजवू? वर्षाचा सण. तुझ्या बाबांची कवळी तुला माहीत आहे. तीन आठवडे झाले हा कॅन मी नजरेत धरून बसलेय."

मी सगळं सांगितलं. चाचा, नळ्या, शेवया, समिती. पातेल्याला कड धरणारं जे असतं त्याच्यामुळंच ते खोटं-खोटं उभं होतं, हेही सांगितलं. आई डाळीतून हात फिरवत ऐकत होती. तीन वर्षांत तिनं माझा विषय पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकला.

"आणि नाही नेला तर?"

मी देवघराच्या फळीकडं बघितलं. तिनंही बघितलं. फॉर्मवर तिनंच ताज्या फुलांची परडी ठेवलेली होती, उडू नये म्हणून.

तिनं तांब्या घेतला. "देवाच्या नैवेद्यापुरती वाटीभर डाळ शिजेल एवढं काढून घेऊ का?"

"घे ना आई, घे."

तिनं तांब्याभर पाणी काढलं. हातात धरून क्षणभर उभी राहिली. मग हळूच, सांडू न देता, ते परत कॅनमध्ये ओतलं. "नको. तुला ऐनवेळी कमी पडलं तर? देवाला चालेल दाताखाली आलेलं. त्याची कवळी नाही." आणि लगेच ओरडली, "बघत काय उभी राहिलीस? झाकण लाव घट्ट."

होळी आणि धुळवड मी लॅबमध्ये काढली. सुटी असून चाचा दोन्ही दिवस आले आणि कॅनशेजारी स्टूल टाकून बसले, कुणी हात धुवायला म्हणून घेऊ नये यासाठी. विभागाचे प्रमुख आले तेव्हाही चाचा उठले नाहीत. प्रोटीन पातळ पिशवीत भरून आईच्या पाण्यात बुडवायचं, म्हणजे चिकटलेलं कॅल्शियम बाहेर निघतं. कॅल्शियम ओढून घेणारं रसायनही थोडं घातलं. सोमवारी सकाळी बघितलं तर डोंगर पुन्हा उजवीकडं. शेवया! आपलं प्रोटीन कोसळलं म्हणून कुणी टाळ्या पिटल्या असतील तर त्या मी. मग थेंबाथेंबानं कॅल्शियम द्यायला लागले. पहिल्या थेंबाला काही नाही. दुसऱ्याला काही नाही. मग एका थेंबाला डोंगर जरासा हलला, आणि पुढच्या तीन-चार थेंबांत सरकत-सरकत डावीकडं येऊन बसला. तीन वर्षांत इतकी स्वच्छ, इतकी देखणी मोजणी मला कधी जमली नव्हती. कधी तसलं पाणीच नव्हतं, आणि कधी इतकी भीतीही नव्हती.

मंगळवारी समितीपुढं मी खोटा आकार आधी दाखवला आणि खरा नंतर. बाहेरून आलेले एक वयस्क सदस्य सगळा वेळ डोळे मिटून बसले होते. शेवटी डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "पाण्यात दोष आहे हे तुम्हाला कोणत्या चाचणीतून कळलं?"

सरांनी छताकडं बघितलं.

"आईची डाळ चार शिट्ट्यांत शिजली, सर," मी म्हटलं.

त्यांनी डोळे उघडले. "आमच्याकडं दहा लागतात," ते म्हणाले, आणि पुढचा सगळा वेळ समिती डाळीवरच बोलत राहिली. वर्ष मिळालं. सरांनी बाहेर येऊन सांगितलं आणि पेढ्यांचा विषय काढायचा नाही अशी ताकीद दिली.

घरी आले तर बाबा दारातच. मी मान डोलावली. ते आत गेले, फळीवरून फॉर्म काढला, माझा फोटो नखानं अलगद सोडवून घेतला आणि म्हणाले, "हा चांगला आलाय, ठेव. प्रबंधाला लागेल." त्यांच्या तोंडात कवळी नव्हती. दोन दिवसांच्या पुरणानं हिरडी सोलून निघाली होती, म्हणून ती वाटीत घालून ठेवली होती, हे मला नंतर कळलं.

आईनं ताट वाढलं. उरलेली पुरणपोळी, वर तूप. पुरण पाट्यावर तीनदा वाटलं होतं तरी पोळीतून दाणे वर आलेले दिसत होते. पहिला घास घेतला आणि कट्‌ आवाज आला.

"मग? उभं राहिलं का ते?" आईनं विचारलं.

"राहिलं. कॅल्शियम दिल्यावर."

"किती लागलं?"

तीन वर्षांत घरातल्या कुणी विचारलेला हा पहिला शास्त्रीय प्रश्न. तोंडात घास, डोळ्यांत पाणी, दाताखाली डाळ. आईला वाटलं पोळी गिळवत नाही. तिनं आणखी एक पोळी माझ्या ताटात टाकली आणि तुपाची वाटी पुढं सरकवली.

"खा मुकाट्यानं," ती म्हणाली. "कॅल्शियमच आहे त्यात. तू पण जरा उभी राहशील."